नवे ब्रेक पॅड टाकताय? आधी डिस्क तपासा, घाटात भरवसा तिच्यावरच

सुरगाणा : तालुक्यातील हतगड ओलांडले की सापुतारा आणि पुढे घाटाचा उतार. या रस्त्यावर जुनी मारुती ८०० असो की बोलेरो, पुढच्या चाकांचा ब्रेक डिस्कवर चालतो. पॅड झिजले की अनेकजण फक्त पॅड बदलतात आणि गाडी पळवतात. मग ब्रेक आवाज करतो, पेडल थरथरते आणि उतारावर गाडी हवी तिथे थांबत नाही. कारण सोपे आहे. जुन्या डिस्कवर चरे पडलेले असतात. नवा सपाट पॅड तिथे पूर्ण टेकतच नाही.

आधी काय बघायचे?
गाडी सपाट जागेवर घ्या, मागच्या चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवर काम नको, खाली स्टँड हवाच. डिस्कला तडा असेल तर ती बदलायचीच. कमीत कमी जाडी किती हवी, ते बहुतेक डिस्कवर कोरलेले असते. कडेला न झिजलेला उंच काठ राहतो. वर्निअर त्यावर टेकला तर माप जास्त दिसते. म्हणून माप काठाच्या आत घ्या. खोल चरे असतील आणि जाडी शिल्लक असेल तरच लेथवर टर्निंग करा, तेही दोन्ही बाजूंच्या डिस्कचे.

साफसफाई कशी?
पावसाळ्यात उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज चढतो. हलका गंज आणि चकाकी ८० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल गोल घासून काढा. डिस्क काढली असेल तर हबवरचा गंजही खरवडा, नाहीतर डिस्क वाकडी बसते. शेवटी ब्रेक क्लीनरने पुसा. डिझेल, रॉकेल वापरू नका; तेलकट थर राहतो आणि ब्रेक घसरतो. धूळ हवेने उडवू नका, जुन्या पॅडची धूळ फुफ्फुसाला घातक असते.

पॅड बसवल्यावर
गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा, नाहीतर पहिला ब्रेक लागणारच नाही. मग मोकळ्या, सपाट रस्त्यावर ५० च्या वेगावरून १० पर्यंत, असे आठ-दहा वेळा हळूहळू ब्रेक लावा. मध्ये थोडे अंतर चालवून डिस्क थंड होऊ द्या. डिस्क तापलेली असताना पेडल दाबून उभे राहू नका.

एवढे झाल्यावरच सवाऱ्या भरून घाट उतरा. उतरतानाही गाडी न्यूट्रल करू नका, खालचा गिअर ठेवा. पेडल मऊ लागले किंवा गाडी एका बाजूला ओढली, तर तिथेच थांबून मिस्त्रीला दाखवा.