बिटकॉइनची भिस्त सूचनांवर

बिटकॉइनच्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड २००९पासून सर्वांसाठी खुला आहे. मात्र, संगणकावर चालते ती या कोडपासून तयार केलेली फाइल. ती कोडबरहुकूम आहे का, हे पडताळायचे तर ती स्वतः तयार करता यायला हवी. त्यासाठीच्या सूचनांत एखाद्या आवश्यक साधनाचा उल्लेख राहिला, तरी काम अडते आणि वापरकर्ता आयत्या फाइलवर विसंबतो. तीत फेरफार असल्यास पैसे जाऊ शकतात; ते परत मिळवून देणारी बँक येथे नाही.

'बिटकॉइन कोअर'ने २०२१मध्ये 'गीक्स' ही प्रणाली स्वीकारली. तिच्यामुळे निरनिराळ्या संगणकांवर हुबेहूब तीच फाइल तयार करून ताडून पाहता येते. २०२५मध्ये 'सीमेक' हे नवे साधन आले आणि सूचनाही बदलाव्या लागल्या. सूचना जुन्याच राहिल्या, तर खुल्या कोडची पडताळणी मोजक्या जाणकारांपुरतीच उरते.