अन्ननलिकेचें आकुंचन आणि त्यावरील उपाय

घांस चावणें मनुष्याच्या हातीं असतें. गिळल्यावर मात्र त्याचा मार्ग त्याला दिसत नाहीं. प्रौढ माणसाची अन्ननलिका सुमारें २५ सेंटिमीटर लांब असते व घांस उतरतांना सुमारें २ सेंटिमीटर रुंद होते. ती १३ मिलिमीटरहून अरुंद झाली, कीं प्रथम भाकरी अडूं लागते, मग मऊ भात, आणि कधीं कधीं पाणीसुद्धां. असें कर्करोगानेंही होऊं शकतें. म्हणून एंडोस्कोपनें आंत पाहून तुकडा तपासणें हें पहिलें काम. कर्करोग नसल्यास वैद्यकांत या आकुंचनाला ‘सौम्य’ म्हणतात. रोग्याला मात्र तें सौम्य वाटत नाहीं.

जठरांतील आम्ल वारंवार वर येणें, दाहक क्षार किंवा ॲसिड पोटांत जाणें, शस्त्रक्रियेचा सांधा, किरणोपचार, हीं त्याचीं प्रमुख कारणें होत. भाजलेली कातडी भरतांना आखडते, तशीच नलिकाही आखडते. मुख्य उपाय म्हणजे लवचिक गज किंवा फुगा घालून ती हळूहळू रुंदावणें. जोर जाणवूं लागल्यावर एका बैठकींत ३ मिलिमीटरहून अधिक पुढें जाऊं नये, असा जुना दंडक आहे. कारण नलिकेला भोंक पडण्याचें भय असतें. उपचारानंतर छातींत तीव्र वेदना, ताप किंवा धाप आढळल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें.

परंतु रुंद करणें सोपें, रुंद राखणें कठीण. ताणतांना नलिका सूक्ष्मपणें फाटते, आणि ती जखम भरतांना पुन्हां आखडते. दोन दोन आठवड्यांच्या अंतरानें पांच बैठका होऊनही १४ मिलिमीटर रुंदी साधली नाहीं, अथवा साधलेली चार आठवडेही टिकली नाहीं, तर आकुंचन हट्टी समजतात.

अशा वेळीं प्रथम कारण पुन्हां तपासावें. आम्ल हें कारण असल्यास १९८८ पासून प्रचारांत आलेलें ओमेप्राझोल व त्याच्या जातीचीं औषधें नियमित घेतल्यानें वारंवार रुंदावण्याची गरज कमी होते. अन्नाच्या वावड्यामुळें सूज असेल, तर तिचा निराळा उपचार करावा लागतो. यानंतर आखडलेल्या जागीं स्टेरॉइडची सुई देऊन मग रुंदावतात. सांध्यावरील आखूड कडें सूक्ष्म सुरीनें छेदतात. किंवा कांहीं आठवडे आच्छादित नळी बसवितात. ती सरकण्याचा व काढल्यावर आकुंचन परतण्याचा संभव असतो. निवडक रोग्यांना स्वतःच गज घालण्यास शिकवितात. सर्व उपाय थकल्यावर जठर वर ओढून किंवा मोठ्या आंतड्याचा तुकडा जोडून नवा मार्ग करणें, ही शेवटची पायरी.

अमेरिकेंतील डॉ. शेव्हॅलिअर जॅक्सन यांनीं दाहक क्षार प्यालेल्या असंख्य बालकांच्या नलिका चिकाटीनें रुंदावल्या. पण तेवढ्यावर ते थांबले नाहींत. त्यांच्या खटपटीनें १९२७ सालीं अशा पदार्थांच्या डब्यांवर ‘विष’ हा शब्द छापणें तेथें कायद्यानें बंधनकारक झालें. आपल्याकडेही कॉस्टिक सोडा किंवा न्हाणीघराचें ॲसिड पाण्याच्या वा सरबताच्या बाटलींत ठेवण्याची चाल घातक आहे. मुलानें तें घेतलेंच, तर त्याला ओकारी काढावयास लावूं नये. कारण वर येतांना तें नलिकेला पुन्हां भाजतें. त्याला तडक रुग्णालयांत न्यावें. आयुष्यभर पुरणाऱ्या बैठका ज्या एका बाटलीमुळें ओढवतात, ती मुलाच्या हाताबाहेर ठेवण्यास कसलाच खर्च येत नाहीं.