अवयवांचे पुनर्जनन : हायड्रा, प्लॅनेरिया आणि आपण

‘औषधाने झिजलेला अवयव पुन्हा नवा होईल का?’ असे रुग्ण आपणां वैद्यांना वारंवार विचारतात. उत्तर देताना पुण्यातच झालेले काही संशोधन ध्यानी असावे, असे आम्हांस वाटते.

गो. ग. आगरकर रस्त्यावरील आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रा या गोड्या पाण्यातील चिमुकल्या प्राण्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. हायड्राचे मधोमध दोन तुकडे केले, तर काही दिवसांत वरच्या तुकड्याला पाय व खालच्याला डोके फुटते. चपट्या कृमींपैकी प्लॅनेरियाची क्षमता याहूनही विलक्षण; त्याचा मेंदू आणि डोळेही नव्याने तयार होतात. किरणोत्सर्गाने मूलपेशी नष्ट झालेल्या प्लॅनेरियात बाहेरून एकच मूलपेशी घातली, तरी तिच्यापासून त्याचे शरीर पुन्हा घडू शकते, हे २०११ मध्ये सिद्ध झाले.

तथापि, पेशी वाढणे एवढेच पुरेसे नाही; कोठे काय वाढावे, हेही ठरावे लागते. बीटा-कॅटेनिन हे एक जनुक निष्प्रभ केल्यावर कापलेल्या शेपटीच्या जागी प्लॅनेरियाला दुसरे डोकेच फुटले, असे २००८ मध्ये दिसून आले.

मग अशी जनुके आपल्यात नाहीत काय? आहेत. बीटा-कॅटेनिन मानवी पेशींतही असते. त्याचे नियमन बिघडणे हे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे एक प्रमुख कारण आहे. मानवात रक्तवाहिन्यांच्या निर्मितीशी निगडित असलेल्या व्हीईजीएफ या जनुकाचे समरूप पुण्याच्या संशोधकांना हायड्रात आढळले व ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. हायड्राला तर रक्तवाहिन्याच नसतात! म्हणजे साधने पुष्कळशी सामायिक आहेत. भेद आहे तो त्यांच्या विनियोगात आणि नियमनात.

मानवी यकृताचा भाग काढल्यास उरलेला भाग वाढून कार्य सांभाळतो. पण कापलेला खंड पूर्वीच्या आकारात परत येत नाही. म्हणून एखाद्या रसायनद्रव्याने प्रयोगशाळेत पेशींची वाढ झाली, एवढ्यावरून रुग्णाला नव्या अवयवाचे आश्वासन देणे योग्य नव्हे. ती वाढ कोणत्या धातूत झाली, योग्य जागी झाली का आणि वेळीच थांबली का, हे आधी पाहिले पाहिजे. न थांबणाऱ्या वाढीला आपल्या शास्त्रात अर्बुद हे नाव आहेच.