सहा तारा, दहा भोकं

सॉनी टेरी आणि ब्राउनी मॅकगी या अमेरिकन ब्लूज वादकांचं दोघांनीच केलेलं एखादं ध्वनिमुद्रण लावा, डोळे मिटा आणि वादक मोजा. खालून कुणीतरी ठेका धरलेला असतो, वर कुणी चाल वाजवतंय, मधूनच आगगाडीची शिट्टी येते, कोल्ह्यामागे धावणाऱ्या कुत्र्यांचा गलका होतो, आणि कुणीतरी आनंदानं किंचाळतं. मोजणी चार-पाचांवर जाते. असतात मात्र दोघंच, एक गिटार आणि एक माउथ ऑर्गन.

सॉनी १९११ चा, जॉर्जियातला. कोवळ्या वयातल्या दोन अपघातांत त्याची दृष्टी गेली. ब्राउनी १९१५ चा, टेनेसीतल्या नॉक्सव्हिलचा. पोलिओनं पाय अधू झालेला. धाकटा भाऊ त्याला गाडीत बसवून काठीनं ढकलत न्यायचा, म्हणून त्या भावाचंच नाव ‘स्टिक’ पडलं. आपल्याला इथे अंधपंगुन्याय आठवणार, आणि तो फार सोयीचाही आहे. पण ही जोडी इतकी सोशीक नव्हती.

दोघांना जोडणारा दुवा म्हणजे ब्लाइंड बॉय फुलर. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅममध्ये तंबाखूच्या वखारींसमोर तो गिटार वाजवायचा. लिलावाला आलेल्या शेतकऱ्यांच्या खिशात तेव्हा पैसे खुळखुळत असत. सॉनी त्याचा साथीदार. १९४१ मध्ये फुलर वारला आणि ब्राउनीच्या काही तबकड्या चक्क ‘ब्लाइंड बॉय फुलर नंबर २’ या नावानं निघाल्या. नंतर दोघं न्यूयॉर्कला आले आणि जोडी जमली.

आता त्या जास्तीच्या वादकांकडे येऊ. ठेका धरणारा म्हणजे ब्राउनीचा अंगठा. अ‍ॅपलाचियन डोंगर आणि अटलांटिक किनारा यांच्या मधल्या पीडमाँट पट्ट्यातली ही पद्धत: अंगठा खर्जाच्या तारांवर आलटूनपालटून न चुकता पडत राहतो, आणि उरलेली बोटं त्यावर आडवळणाची चाल खेळवतात. ढोलकीवाल्याची गरजच उरत नाही.

खरी करामत माउथ ऑर्गनची. सॉनीच्या हातातलं वाद्य मुळात जर्मन वळणाचं: दहा भोकं, वीस रीड, फुंकलं की एक सुरेल स्वरसंघ आणि ओढलं की दुसरा. ते बनवणाऱ्यांच्या डोक्यात साध्या लोकधुना होत्या. फुंकीचा स्वर हाच त्यांचा षड्ज. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी ते उलटं केलं. दुसऱ्या भोकातून हवा आत ओढली की येणारा स्वर त्यांनी ‘सा’ मानला. एवढ्या एका बदलानं कोमल निषाद आयता हाती आला. शिवाय शेजारच्या, तिसऱ्या भोकात ओढून वाजणारा शुद्ध गंधार जिभेच्या आणि घशाच्या हालचालीनं खाली घसरवता येतो, कोमल गंधारावर आणि त्याच्याही खाली. ब्लूजचा जीव असलेला गंधार या दोहोंच्या मधेच कुठेतरी डोलत असतो.

मराठी कानाला याचं नवल जास्त वाटायला हवं. आपल्या पेटीतही असेच मुक्त रीड असतात, आणि तिच्यातून मीड निघत नाही ही तक्रार तर जुनीच. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली तेव्हा हाही एक आक्षेप होता. मग माउथ ऑर्गन कसा सुटला? त्याच्या प्रत्येक भोकात फुंकीचा आणि ओढीचा असे दोन रीड एकाच पोकळीत शेजारी असतात, आणि त्यांना लगटून वादकाचं तोंड असतं. तोंडाच्या पोकळीचा आकार बदलला की दोन्ही रीड एकमेकांना खेचू लागतात आणि वरचा स्वर खालच्याच्या दिशेनं ओघळतो. तिसऱ्या भोकातल्या दोन स्वरांत अंतर जास्त, म्हणून तिथे घसरगुंडीही सर्वांत लांब.

किंचाळणारा माणूसही सॉनीच. ओठांवरून वाद्य क्षणभर हटवून तो उंच खोट्या आवाजात हाळी देतो आणि ताल न सोडता परत वाद्यावर येतो. जोडणी इतकी बेमालूम, की गळा कुठे संपला ते कळत नाही. डिसेंबर १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलनं हे ऐकलं होतं. बोलावणं फुलरसाठी होतं, पण तो तुरुंगात होता, म्हणून सॉनी गेला.

पुढे १९५५ मध्ये दोघं ब्रॉडवेवर ‘कॅट ऑन अ हॉट टिन रूफ’ नाटकात झळकले, १९५८ मध्ये इंग्लंड गाजवून आले. आणि उत्तरायुष्यात त्यांचं इतकं बिनसलं, की एकमेकांशी बोलणं जवळजवळ बंद. कार्यक्रम मात्र चालूच राहिले! १९८२ मध्ये अमेरिकेनं पहिल्यांदाच राष्ट्रीय वारसा सन्मान दिले, तेव्हा दोघांचीही नावं त्या यादीत होती.