'नाही' म्हणण्याचा धडा वस्तीतही हवा

पिंपळे सौदागर हे पवनेकाठचे एकेकाळचे शेतीचे गाव. आज तेथे उंच इमारतींची रांग आहे आणि हिंजवडीला नोकरीस जाणारी कुटुंबे त्यांत राहतात. अशा सोसायटीत मुलांच्या सुरक्षिततेची कार्यशाळा घ्यायची ठरली, तर सभागृह तयार असते आणि पालकांना रविवारची सुट्टीही असते. पण त्याच इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या आमच्या भगिनीची, फाटकावरच्या वॉचमनची, बांधकामावरच्या मजुराची मुले त्या वेळी कुठे असतात? आईबाप कामावर आणि पोर दुसऱ्याच्या भरवशावर! त्यांना हा धडा कोण देणार?

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचे सांगितले. त्यांत मुलगेही होते, मुलीही होत्या. छळ करणाऱ्यांपैकी निम्मे तर मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. म्हणजे 'अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नकोस' एवढे सांगून आपली जबाबदारी संपत नाही.

या कार्यशाळेत शिकवतात तरी काय? शरीराच्या सर्व अवयवांची नावे न लाजता घेणे. आपल्या शरीरावर आपला अधिकार आहे हे ओळखणे. कोणाचा स्पर्श नकोसा वाटला, तर 'नाही' म्हणणे, तेथून निघून जाणे आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगणे. 'कोणाला सांगू नकोस' असे कोणी बजावले, तर तीच गोष्ट आधी सांगणे. हाताच्या पाच बोटांवर विश्वासाची पाच माणसे मोजून ठेवणे. आणि १०९८ हा मदतीचा मोफत क्रमांक पाठ करणे.

आम्हाला हा धडा स्वाभिमानाचा वाटतो. 'मोठ्यांपुढे तोंड उघडू नये' हे हजारो वर्षे आपल्या समाजाला शिकवले गेले. बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत मातांना सांगितले की, मुलांच्या मनातला न्यूनगंड काढून टाका. घरात मात्र आपण पोराला गप्प बसवतो आणि नको असताना पाहुण्याच्या मांडीवर बसवतो. मग संकटात ते बोलणार कसे?

मात्र एक सावधगिरी हवी. भेदरलेल्या मुलाला 'नाही' म्हणता आले नाही, तर दोष त्याचा नव्हे. अत्याचार एकाचा आणि कलंक दुसरीच्या माथी, या रीतीविरुद्धच जोतीराव-सावित्रीमाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. आज आपण 'घराण्याची अब्रू' म्हणून पोराचे तोंड दाबणार असू, तर त्यांचे फोटो भिंतीवर लावून उपयोग काय?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात चार वर्षांच्या चिमुकल्यांनी घरी सांगितले. पण तक्रार नोंदवण्यासाठी पालकांना तासन्‌तास ताटकळावे लागले. मुले बोलली, व्यवस्था बहिरी निघाली! म्हणून मुलांइतकेच शिक्षण मोठ्यांनाही हवे. मूल सांगते त्यावर आधी विश्वास ठेवा, त्याला मारू नका, पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. २०१२ च्या पोक्सो कायद्याने गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, गणवेशात नसलेल्या आणि शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. मूल अनुसूचित जाती-जमातीचे आणि आरोपी त्याबाहेरचा असेल, तर ॲट्रॉसिटी कायद्याची कलमेही लावण्याचा आग्रह धरा.

सभागृह नाही म्हणून अडून बसू नका. आपली विहारे आहेत! २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्ती बसवली ते देहूरोड इथून काही मैलांवर आहे. वंदनेत आपण तिसरे शील रोज म्हणतो. त्याचा अर्थ मुलांना त्यांच्या भाषेत आणि मोठ्यांना जबाबदारीच्या भाषेत समजावण्याची जागा विहाराहून दुसरी कोणती? जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा थोडा खर्च वाचवा. प्रशिक्षित कार्यकर्ती बोलवा. कामावरून आई परतेल अशी संध्याकाळची वेळ ठेवा. आणि एकदाच घेऊन थांबू नका, दरवर्षी घ्या.

पिंपळे सौदागरच्या इमारतीतले मूल आणि ती इमारत झाडणाऱ्या बाईचे मूल, दोघांच्या देहाची किंमत एकच आहे. समतेचा हा साधा हिशेब आपल्याला मान्य असेल, तर पहिली सतरंजी पुढच्या रविवारी आपल्या विहारात अंथरली पाहिजे. जयभीम!