राखेतून उठणारा पक्षी आणि सातपुड्यातील रानपिंगळा

मुलांनो, 'फिनिक्स' हा शब्द तुम्ही मराठी वर्तमानपत्रात वाचला असेल. भूकंपात पडलेले गाव पुन्हा उभे राहिले, हरत आलेला संघ पुन्हा जिंकू लागला, की 'फिनिक्सप्रमाणे राखेतून भरारी घेतली' असे लिहितात. हा पक्षी तुम्हांला अगदीच परका नाही. उर्दूत आणि फारसीत त्यालाच 'कुकनुस' म्हणतात.

फिनिक्सची गोष्ट फार जुनी आहे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी हिरोडोटस नावाचा ग्रीक इतिहासकार इजिप्तमध्ये गेला होता. तेथील लोकांनी त्याला सांगितले, की गरुडाएवढा, लाल आणि सोनेरी पिसांचा एक पक्षी दर पाचशे वर्षांनी अरबस्तानातून येतो. बाप मेला की त्याला हिराबोळाच्या गोळ्यात ठेवतो आणि सूर्याच्या देवळात आणून पुरतो. हिराबोळ म्हणजे एक सुगंधी डिंक. हिरोडोटस मोठा प्रामाणिक माणूस. आपण हा पक्षी फक्त चित्रात पाहिला, आणि ही गोष्ट आपल्याला खरी वाटत नाही, असे त्याने स्वच्छ लिहून ठेवले. गंमत म्हणजे त्याच्या गोष्टीत आग नाही, की राख नाही. ती नंतरच्या लेखकांनी घातली. मग गोष्ट अशी झाली: म्हातारा फिनिक्स सुगंधी काटक्यांचे घरटे करतो, त्यात स्वतःला जाळून घेतो आणि राखेतून नवा फिनिक्स जन्मतो.

इराणमधील निशापूरचे कवी फरीदुद्दीन अत्तार यांनी बाराव्या शतकात पक्ष्यांवर एक मोठे काव्य लिहिले. त्यातला कुकनुस तर चक्क हिंदुस्थानात राहतो! त्याच्या लांब चोचीला शंभराच्या आसपास छिद्रे असतात आणि प्रत्येक छिद्रातून वेगळा सूर निघतो. हजार वर्षे जगल्यावर तो लाकडे गोळा करतो आणि पंख फडफडवून त्यांना आग लावतो.

असा पक्षी हिंदुस्थानात कोणालाही सापडलेला नाही. पण 'मेला' असे सर्वांनी धरून चाललेला एक पक्षी आपल्या महाराष्ट्रात खरोखर परत आला. तो ना लाल, ना सोनेरी. तो आहे एक लहानसे घुबड. त्याचे नाव रानपिंगळा.

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, संग्रामपूर तालुक्यात सोनाळा नावाचे गाव आहे. गावाच्या उत्तरेला सातपुड्याच्या रांगा उभ्या आहेत. तेथेच अंबाबरवा अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १२७ चौरस किलोमीटर असून ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. सातपुड्याच्या याच रांगा पश्चिमेकडे खानदेशात जातात. सागाची झाडे, उन्हाळ्यात गळणारी पाने, मधूनमधून मोकळी जागा, असे रान रानपिंगळ्याला मानवते.

१८७३ साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी या पक्ष्याची पहिली नोंद प्रसिद्ध केली. हे तेच ह्यूम, ज्यांचे नाव तुम्ही इतिहासात राष्ट्रीय सभेच्या स्थापनेच्या धड्यात वाचता. पुढे १८८४ मध्ये खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने या जातीचा पक्षी मारून त्याचे कातडे जपून ठेवले. त्यानंतर मात्र रानपिंगळ्याची खात्रीची बातमी मिळेना. संग्रहालयांत पेंढा भरलेले मोजके नमुने तेवढे उरले. डॉ. सालीम अली हे आपल्या देशातील सर्वांत थोर पक्षितज्ज्ञ. त्यांच्या काळातही या पक्ष्याचा शोध झाला, पण तो हाती लागला नाही. १९८७ साली सालीम अली वारले, तेव्हा बहुतेकांना वाटत होते की रानपिंगळा संपला.

तो सापडत का नव्हता? याचे एक कारण चोरी हे होते. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने सांगितले होते, की आपण १९१४ मध्ये गुजरातमधील मांडवी येथे रानपिंगळा मिळवला. लोकांनी विश्वास ठेवला आणि भलतीकडेच शोध सुरू राहिला. खरे तर तो नमुना डेव्हिडसनचाच होता. संग्रहालयातून चोरून, पुन्हा शिवून, त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती! पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षितज्ज्ञ बाईंनी जुने नमुने बारकाईने तपासले आणि ही लबाडी उघडकीस आणली. एका खोट्या चिठ्ठीने किती जणांची पायपीट वाया घालवली, पाहा.

रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट असे तिघे नोव्हेंबर १९९७ मध्ये भारतात आले. खऱ्या नोंदी जेथल्या होत्या, तेथेच त्यांनी शोध घेतला. आधी पूर्वेकडील रानात काही मिळाले नाही. मग ते खानदेशात, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी एका झाडाच्या उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला दिसला. अगदी दिवसाढवळ्या! ११३ वर्षांनी त्याची खात्रीची भेट झाली होती.

पुढे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. असद रहमानी आणि संशोधिका फराह इश्तियाक यांनी रानोमाळ हिंडून या पक्ष्याचा अभ्यास केला. तोरणमाळ, तळोदा आणि मेळघाट या भागांत तो असल्याचे कळले. २०१४ मध्ये तो मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही आढळला.

आता नीट विचार करा. रानपिंगळा राखेतून उठला का? नाही. तो मेलाच नव्हता. त्या ११३ वर्षांत रानात जोड्या जमत होत्या, झाडांच्या ढोलीत पिले वाढत होती, सरडे आणि उंदीर पकडले जात होते. आपल्याला तेवढे ठाऊक नव्हते. फिनिक्सला फक्त राख पुरते. रानपिंगळ्याला ढोली लागते, ढोलीसाठी जुने झाड लागते आणि झाडासाठी रान लागते. शेतीसाठी आणि लाकडासाठी ते रान तुटत गेले. त्यातच घुबड अशुभ समजून माणसे त्याला मारतात. आजही जगातील संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत रानपिंगळ्याचे नाव आहे.

गावात, वडाच्या झाडावर दिसतो तो साधा पिंगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, चोच दणकट आणि पायांवर दाट पांढरी पिसे असतात. मेळघाटात कधी गेलात, तर हिवाळ्याच्या सकाळी सागाच्या शेंड्याकडे पाहा. ऊन खात बसलेले एखादे छोटे घुबड शेपटी झटकन डावीउजवीकडे हलवताना दिसले, तर आवाज न करता तेथेच थांबा आणि आधी त्याचे डोके पाहा.