मुरंब्याचा शास्त्रज्ञ आणि अनसिंगचा पाऊस

मृग लागतो न लागतो तोच वाशीम जिल्ह्यातील अनसिंगच्या शेतकऱ्याचे चित्त आभाळाकडे लागते. कारण सोयाबीन-तुरीचे बी आज मातीत टाकावे की आणखी आठ दिवस थांबावे, या एका निर्णयावर त्याच्या वर्षाचे सारे गणित उभे असते. या प्रश्नाचा देशाच्या संगणक-उद्योगाशी निकटचा संबंध आहे. पावसाचे भाकीत करावयाचे तर वातावरणाचे असंख्य तुकडे कल्पून प्रत्येकातील वारा, उष्मा व बाष्प यांची समीकरणे सोडवावी लागतात, आणि ती पाऊस येण्यापूर्वी सुटली तरच उपयोगाची. म्हणून त्यासाठी महासंगणक लागतो.

असे यंत्र 1980 नंतरच्या दशकात भारताने अमेरिकेकडे मागितले, तेव्हा हव्या त्या ताकदीचे यंत्र देण्यास तेथील सरकारने नकार दिला आणि त्याहून कमी शक्तीच्या, क्रे कंपनीच्या यंत्रावर आपली बोळवण केली. तेव्हा 1988 साली केंद्र सरकारने पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन केली आणि स्वदेशी महासंगणकासाठी तीन वर्षांची मुदत ठरवून तिची सूत्रे डॉ. विजय भटकर यांच्या हाती दिली. भटकरांचा जन्म 1946 साली अकोला जिल्ह्याच्या मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा येथे झाला. वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी वेगळा होईपर्यंत अनसिंगही त्याच अकोला जिल्ह्यात होते, आणि हे नाते सांगताना मला अभिमान वाटतो.

भटकरांच्या सहकाऱ्यांनी धरलेला मार्ग आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागणार नाही. सोंगणीच्या दिवसांत एकच बलदंड गडी शोधीत बसण्यापेक्षा चौसष्ट मजूर लावावेत, प्रत्येकाला त्याची पात नेमून द्यावी, आणि कोणी रिकामा राहू नये, कोणी कोणाच्या आड येऊ नये, एवढे मुकादमाने पाहावे. 1991 साली सिद्ध झालेल्या 'परम 8000' या यंत्रात इंग्लंडच्या इन्मॉस कंपनीचे 64 ट्रान्सप्यूटर नावाचे प्रक्रियक असेच जोडलेले होते. मजूर परदेशचे होते, पण त्यांना कामाला लावणारी मुकादमी, म्हणजे जोडणीची रचना व आज्ञावली, येथील तरुण अभियंत्यांनी घडविली. याच संस्थेत कानपूरच्या आयआयटीतून आलेल्या जिस्ट तंत्राचे कामही वाढले, आणि संगणकाला देवनागरीसह भारतीय लिप्या लिहिता येऊ लागल्या. माझ्या मते सामान्य माणसाच्या दृष्टीने हे काम महासंगणकाहून उणे नव्हे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या पिकाची नोंद मोबाइलवरून मराठीत करतो, ती सोय संगणकाला आपली लिपी आल्यावाचून संभवलीच नसती.

निश्चित कार्य, निश्चित मुदत आणि पैशाची मंजुरी एवढे सरकारने दिले की बुद्धी कमी पडत नाही, हे तेव्हा सिद्ध झाले. परंतु उद्योग वाढतो तो पुढच्या मागणीवर, आणि तेथे आपण कमी पडलो. 2018 साली पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत मोसमी पावसाच्या अभ्यासासाठी 'प्रत्यूष' हा महासंगणक कार्यान्वित झाला, तो पुन्हा क्रे कंपनीचाच. ही गोष्ट मला बोचते. त्यापूर्वी 2015 साली 4,500 कोटी रुपयांचे राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर झाले होते. त्यातून 2024 साली 'परम रुद्र' यंत्रे उभी राहिली, आणि त्यांतील सर्व्हर सी-डॅकने स्वतः आखलेले आहेत. त्यांच्या पोटातील प्रक्रियक अद्याप परदेशी आहेत. ते येथे घडविण्याचे काम हाती घेतले पाहिजे, आणि ज्या दिवशी ते तयार होतील त्या दिवशी पहिली खरेदी हवामान खात्याने केली पाहिजे.